बोलावलं की का येत नाही?

आमच्या घरी मोती नावाचा कुत्रा आहे. घरात 'मोती, ये' म्हटलं की तो झोपेतूनसुद्धा उठून येतो. पण टेकडीवर मोकळा सोडला आणि दुसरा कुत्रा दिसला, की तोच मोती ठार बहिरा होतो.

मागच्या पावसाळ्यात समोरून एक आजोबा साखळीला धरून आपली कुत्री घेऊन येत होते. मोती सुसाट तिच्याकडे धावला. "काही करत नाही हो आमचा!" असं आम्ही लांबूनच ओरडलो. त्याने केलं काहीच नाही. पण कुत्री दात विचकत गर्रकन फिरली, साखळी आजोबांच्या पायात गुंडाळली आणि ते चिखलात पडले. मनगट मुरगळण्यावर निभावलं. दोन-तीन मिनिटांनी मोती आमच्याकडे परत आला, तेव्हा आम्ही त्याला साखळी लावली आणि वर दोन फटके दिले.

घरी आल्यावर प्रश्न पडला, ही शिक्षा त्याला नेमकी कशाबद्दल मिळाली?

अध्यापनशास्त्राच्या पुस्तकात आपण थॉर्नडाइक यांचं नाव वाचलेलं असतं. त्यांच्या मांजरांवरच्या प्रयोगांचा प्रबंध १८९८ सालचा. भुकेलं मांजर खोक्यात कोंडायचं आणि बाहेर मासळी ठेवायची. मांजर ओरबाडायचं, धडपडायचं. कधीतरी पंजाने दोरीचा फास ओढला जाऊन दार उघडायचं. पुन्हा पुन्हा कोंडल्यावर वायफळ धडपड कमी होत जायची. जिच्यामागोमाग समाधान मिळतं ती कृती टिकते, हा त्यांचा 'परिणामाचा नियम'. यातला 'मागोमाग' हा शब्द महत्त्वाचा. कुत्र्याच्या बाबतीत हे अंतर एक-दोन सेकंदांचंच धरलेलं बरं.

आता हा नियम मोतीला लावून पाहू. दुसऱ्या कुत्रीकडे धावला, त्यामागोमाग नवा वास आणि गंमत मिळाली. आमच्याकडे आला, त्यामागोमाग साखळी आणि फटके. म्हणजे आमच्याकडे येऊ नये, हे आम्हीच त्याला शिकवलं होतं! फटके दिले नसते तरी फारसा फरक पडला नसता, कारण टेकडीवर आम्ही त्याला हाक मारायचो ती फक्त घरी निघताना. त्याच्या लेखी 'ये'चा अर्थ 'मजा संपली' असाच होता. (केवळ रागावण्यासाठीच नाव घेऊन बोलावलं जाणारी मुलं कोणत्या वर्गात नसतात?)

मग घरी तो का येतो? स्वयंपाकघरात 'ये'मागोमाग पोळीचा तुकडा मिळतो म्हणून. पण एका जागी शिकलेलं कुत्रा दुसऱ्या जागी आपोआप नेत नाही. त्यामुळे आम्ही पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली. आधी अंगण, मग रिकामं मैदान, मग खूप दूर एखादा कुत्रा दिसेल अशी जागा. गळ्याला हिसका बसू नये म्हणून छातीपट्ट्याला दहा मीटरची दोरी बांधली. ती ओढून आणण्यासाठी नव्हे, तर न येण्याचं बक्षीस त्याला मिळू नये यासाठी. हाक एकदाच मारायची. आला की लगेच उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा आणि बहुतेक वेळा पुन्हा खेळायला सोडायचं. सवय पक्की झाल्यावर खाऊ कधी द्यायचा, कधी नाही. असं अनियमित प्रबलन सवय जास्त टिकवतं, हे स्किनर यांच्या प्रयोगांतून दिसलं आहे.

पण मोती येऊ लागला तरी त्या कुत्रीचा प्रश्न उरतोच. ती का चिडली?

मोकळे कुत्रे एकमेकांना भेटतात ते जरा पाहा. सरळ चाल करून सहसा जात नाहीत. वळसा घेतात, मान वळवतात, कुशीकडून आणि मागून हुंगतात, मग बाजूला होतात. पुढचे पाय वाकवून पाठीमागचा भाग वर ठेवला, तर ते खेळाचं आमंत्रण. साखळीतल्या कुत्र्याला यातलं काही जमत नाही. त्याला वळसाही घेता येत नाही आणि पळताही येत नाही. त्यात घाबरलेला मालक साखळी ताणतो. पळायची वाट बंद झाली की दात दाखवणं उरतं. शेपूट हलते आहे म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही. इटलीतल्या शास्त्रज्ञांनी २००७ साली दाखवलं, की मालक दिसल्यावर कुत्र्याची शेपूट उजवीकडे जास्त झुकते, तर अनोळखी, दांडगा कुत्रा दिसल्यावर डावीकडे.

म्हणून समोरचा कुत्रा साखळीत असेल, तर आपला आधी बोलावून बांधायचा. भेट घडवायची का, ते समोरच्याला विचारायचं. 'आमचा काही करत नाही' हे उत्तर नव्हे. त्यांचा काय करेल, हे आपल्याला कुठे माहीत असतं? लहान मुलं किंवा गुरं दिसली तरी हेच. वस्तीतल्या मोकाट कुत्र्यांची गोष्ट निराळी. तिथे आपण त्यांच्या हद्दीत असतो. पळू नये, दगड उचलू नये, लांबूनच वाट बदलावी.

विद्यार्थ्यांना यातून निरीक्षणाचा उपक्रम देता येईल. पाळलेल्या कुत्र्याला घरात, अंगणात आणि (लांब दोरी बांधून) मैदानात दहा-दहा वेळा बोलवायचं, किती सेकंदांत येतो ते वहीत मांडायचं. सोबत मालक हवाच, आणि अनोळखी कुत्र्यावर प्रयोग करायचा नाही.

ससा दिसला तर मोती अजूनही ऐकत नाही. आजोबा मात्र परवा पुन्हा भेटले. ते वळणावर दिसताच आम्ही हाक मारली, मोती आला, अंडं खाल्लं, साखळी लावून घेतली. आम्ही वाटेच्या कडेला थांबलो. कुत्री लांबून वळसा घालून गेली, आणि थोडं पुढे जाऊन तिने अंग झटकलं.