माडावरून उतरलेला पाव

आमच्या पांढुर्णा-सौसरकडे बेकरी म्हटली की चहात बुडवायचा टोस्ट आणि खारी. आंबवलेलं काही हवं तर घरची ज्वारीची आंबील. हल्ली शहरी कॅफेत ‘सावरडो’ नावाचा आंबट, जाड सालीचा पाव मिळतो आणि त्याचे पैसे देताना माणूस दोनदा विचार करतो. त्या पावाची आपल्या बाजूची जुनी शाखा बघायची, तर गोव्यातल्या पोदेराची भट्टी गाठावी.

पोदेर म्हणजे पाववाला. शब्द पोर्तुगीज ‘पादेइरो’वरून आला, जसा ‘पाव’ पोर्तुगीज ‘पांव’वरून. पायांनी मळतात म्हणून पाव, ही आपल्याकडची व्युत्पत्ती मजेदार असली तरी खोटी. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. गोवा भाताचा मुलूख, गहू बाहेरून आणावा लागे. तो मिळाला तरी युरोपातलं खमीर कुठून आणणार? उत्तर माडावर होतं. माडाच्या पोयीला चीर देऊन गोळा केलेला रस, म्हणजे सूर, उन्हाळी हवेत काही तासांतच फसफसू लागतो. त्यात यीस्टही असतं आणि आंबटपणा आणणारे जिवाणूही. सावरडोच्या बरणीत दिवसेंदिवस जे पाळावं लागतं, ते इथे रोज सकाळी झाडावरून ताजं उतरत असे. ही सूर पिठात घालून रात्रभर ठेवली की पहाटे पीठ तयार.

मिस्सेसाठी, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेसाठी, पाव हवा म्हणून पाद्र्यांनी ही विद्या शिकवली, असं सांगतात. मला ते अर्धंच पटतं, कारण कॅथलिक प्रार्थनेतल्या प्रसादाच्या चकतीला खमीर चालतच नाही. रोजच्या जेवणातल्या पावाची ओढ हेही कारण असणारच. गोव्याच्या सासष्टी तालुक्यातल्या माजोर्डा गावाचं नाव मात्र या कथेत हमखास येतं. विहिरीत पाव टाकून बाटवल्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला या पावाकडे निव्वळ भुकेने बघायला काही पिढ्या लागल्या, हेही खरं.

भट्टी घुमटाची. आत लाकडं जाळून ती तापवायची, निखारे बाजूला सारायचे आणि लांब दांड्याच्या फळीने पाव आत सरकवायचे. उंडो गोल, कडक सालीचा. कात्रो पाव कापून उमललेला. माझं मन मात्र पोईवर. कोंड्यात घोळवलेली ही चपटी गोल भाकरी आचेने फुगते आणि आतून पोकळ होते. त्या पोकळीत झणझणीत चोरीस, म्हणजे गोव्याचं सॉसेज, भरा, नाहीतर नुसती भाजी.

पूर्वी पोदेर घुंगरांची काठी आपटत यायचा, आता सायकलचा भोंगा वाजवतो. पावाचा दर रुपयाने वाढला तरी तिथल्या वर्तमानपत्रात बातमी होते.

पण सूर घालून केलेल्या पावाची अडचण भट्टीत नाही, वर आहे, झाडावर. माड छेदणारा तो रेंदेर. सकाळ-संध्याकाळ सूर उतरवायची, दुपारी पुन्हा चढून पोयीला नवी चीर द्यायची. हे जोखमीचं काम करायला आता पुढची पिढी तयार नाही. जी सूर निघते तिला माडाची फेणी, व्हिनेगर, गूळ आणि सणासुदीच्या सान्नां (तांदळाच्या वाफवलेल्या इडल्या) अशा वाटा आहेतच. म्हणून पोदेराने यीस्टची पुडी जवळ केली. पुडीने काम लवकर होतं, पीठ हमखास फुगतं, पण तो हलका आंबटपणा जातो. पोदेराला दोष देण्यात अर्थ नाही. स्वस्त पाव वेळेवर हवा असं सांगणारे आपणच. अनेक भट्ट्यांवर आता परप्रांतीय कामगार राबतात, आणि पोई त्यांच्या हातूनही तितकीच फुगते.

भट्टीवर आणखी एक गोष्ट मिळते, काकणं. बांगडीसारखी कडक कडी, बरेच दिवस टिकणारी. ती चहात बुडवली, की सौसरच्या टपरीवरचा टोस्ट आठवतो.