पिसे झडण्याचे दिवस : पिंजऱ्यातील सोबत्याची शुश्रूषा

सकाळी पिंजऱ्यावरचे फडके दूर करावे आणि तळाशी दहा-वीस पिसे विखुरलेली दिसावीत. एरवी शीळ घालून स्वागत करणारा पक्षी अंग फुगवून गप्प बसलेला असावा आणि हात पुढे करताच त्याने चोच उगारावी. असे दृश्य पाहून घरातील ज्येष्ठांचा जीव थोडा थोडा होतो. देगलूरसारख्या गावातून मुले शिक्षण-नोकरीसाठी हैदराबादला, पुण्याला गेलेली असतात. मागे राहिलेल्या आजी-आजोबांना दिवसभर बोलायला तो एवढासा जीवच सोबत असतो. त्याला काही झाले, ही कल्पनाही सहन होत नाही.

वाचकहो, बहुतेक वेळा हा आजार नसतो. जुनी, झिजलेली पिसे टाकून नवी धारण करण्याचा हा निसर्गक्रम आहे. मात्र तो पक्ष्याला थकवणारा असतो. म्हणून दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात : या काळात कोणती मदत करावी, आणि साधी अस्वस्थता कोठे संपून आजार कोठे सुरू होतो.

शरीरात काय घडते?

पीस प्रामुख्याने केराटिन या प्रथिनाचे बनलेले असते. आपली नखे आणि केसही याच वर्गातील प्रथिनाचे. संपूर्ण पिसारा नव्याने विणायचा म्हणजे पक्ष्याला प्रथिने आणि ऊर्जा दोन्ही अधिक लागतात. म्हणूनच तो अधिक झोपतो, कमी बोलतो, चिडचिडा होतो.

नवे पीस प्रथम काट्यासारख्या कोंबाच्या रूपाने त्वचेतून वर येते. त्यावर पातळ आवरण असते आणि वाढत्या कोंबात रक्तपुरवठा चालू असतो. त्यामुळे तो दुखरा असतो. पीस पूर्ण वाढले की रक्तपुरवठा थांबतो, आवरण वाळून कोंड्यासारखे गळते आणि खाज सुटते.

बजरीगार पक्ष्याची, म्हणजे आपल्याकडे बाजारात ‘लव्हबर्ड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या छोट्या पोपटाची, पहिली पिसे साधारण तीन-चार महिन्यांच्या वयात झडतात. कॉकाटीलची सहा महिन्यांच्या सुमारास. पुढे वर्षातून एक-दोनदा, काही आठवडे, हा क्रम चालतो. पिसे दोन्ही बाजूंनी सारखी आणि थोडी थोडी झडतात; निरोगी पक्ष्याच्या अंगावर उघडी त्वचा सहसा दिसत नाही.

आहार : राळे पुरेसे नाहीत

राळे आणि बाजरी हे या पक्ष्यांचे आवडते खाद्य. परंतु केवळ धान्यावर नवा पिसारा नीट उभा राहत नाही. या काळात आठवड्यातून दोन-तीनदा उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा कुस्करून द्यावा. घरात अंडे चालत नसेल, तर स्वच्छ धुतलेले, ताजे मोड आलेले मूग द्यावेत. एप्रिल-मे महिन्यांत नांदेड जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा उन्हाळ्यात ओले खाद्य तासा-दोन तासांत काढून टाकावे, अन्यथा ते आंबते.

शेवग्याचा पाला, कोथिंबीर, किसलेले गाजर आणि लाल भोपळा यांतून ‘अ’ जीवनसत्त्वाची पूर्ती होते. चुन्यासाठी, म्हणजे कॅल्शियमसाठी, समुद्रफेस पिंजऱ्यात अडकवून ठेवावा. चहात बुडवलेले बिस्कीट, खारे शेंगदाणे, फरसाण, चॉकलेट आणि अ‍ॅव्होकॅडो मात्र प्रेमापोटीही देऊ नये. माणसांच्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या पाण्यात विरघळवून पाजणे तर धोक्याचेच.

ओलावा, झोप आणि एकांत

कोरड्या हवेत कोंबांवरील आवरण कडक होते आणि खाज वाढते. सकाळच्या वेळी कोमट पाण्याचा बारीक फवारा वरून पावसासारखा पडू द्यावा, किंवा उथळ ताटलीत पाणी ठेवावे. पक्षी दूर सरकला तर आग्रह करू नये. साबण, तेल, हळद काहीही लावू नये. सूर्यास्तापूर्वी अंग पूर्ण कोरडे झाले पाहिजे. कूलरचा झोत थेट पिंजऱ्यावर नको.

रात्री दहा-बारा तासांची शांत, अंधारी झोप मिळावी. दूरदर्शनसंच रात्री उशिरापर्यंत चालू असलेल्या खोलीत ती मिळत नाही. देवघरातील धूप-उदबत्तीचा धूर पक्ष्याच्या नाजूक श्वसनसंस्थेला त्रास देतो. अति तापलेल्या नॉनस्टिक भांड्याच्या वाफा तर त्याच्या जिवावर बेततात. पिंजरा स्वयंपाकघरात आणि देवघराजवळ ठेवू नये.

डोक्यावरील व मानेवरील कोंबांपर्यंत पक्ष्याची स्वतःची चोच पोहोचत नाही. जोडीदार असेल तर तो ते साफ करतो. एकटा पक्षी स्वतःहून मान खाली घालून जवळ आला, तर पांढरे, वाळलेले आवरण बोटांच्या टोकांनी हलकेच चोळावे. मुळाशी काळसर वा निळसर दिसणाऱ्या कोंबाला हात लावू नये. तो जिवंत आहे, दुखतो. आणि पक्षी जवळ येत नसेल, तर त्याचा नकार मानावा. शुश्रूषेत सोबत बसणे जितके महत्त्वाचे, तितकेच दूर राहणेही.

सावध केव्हा व्हावे?

पक्षी आपले दुखणे लपवतात. लक्षणे उघड दिसतात तेव्हा बराच वेळ गेलेला असतो. म्हणून स्वयंपाकघरातील ग्रॅमच्या वजनकाट्यावर रोज सकाळी, खाण्यापूर्वी, त्याचे वजन करून वहीत लिहावे. एक दशांश वजन घटले, म्हणजे नव्वद ग्रॅमच्या कॉकाटीलचे नऊ ग्रॅम कमी झाले, तर थांबू नये.

पुढील लक्षणे पिसे झडण्याची नव्हेत :

• उघडी त्वचा, कुरतडलेली किंवा वेडीवाकडी पिसे
• पिंजऱ्याच्या तळाशी बसून राहणे
• श्वासागणिक शेपूट वर-खाली होणे
• खाणे बंद होणे, विष्ठेचा रंग बदलून तसाच राहणे

कोंब मोडून रक्त आले, तर स्वच्छ कापसाने कॉर्नफ्लोअर लावून अलगद दाबून धरावे. छातीवर दाब पडू देऊ नये. बजरीगाराच्या अंगात रक्त जेमतेम तीन-चार मिलिलिटर असते. त्यामुळे काही मिनिटांत रक्त थांबले नाही, तर तातडीने पशुवैद्यकाकडे जावे. आपल्या शेजारी, लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

आपली फुप्फुसेही सांभाळा

या दिवसांत पिसांची धूळ वाढते. कॉकाटीलच्या अंगावर तर भुकटी मुळातच अधिक असते. पिंजरा कोरडा झाडू नये. कागद ओलसर करून उचलावा, मास्क लावावा आणि नंतर हात साबणाने धुवावेत. दमा किंवा फुप्फुसाचा जुना विकार असणाऱ्यांनी हे काम दुसऱ्याकडे सोपवावे. पिंजरा साफ केल्यानंतर काही तासांनी खोकला, धाप, कणकण जाणवत असेल, किंवा ताप, डोकेदुखी व कोरडा खोकला हटत नसेल, तर डॉक्टरांना ‘घरी पक्षी आहे’ हे आवर्जून सांगावे. पक्ष्यांमुळे होणाऱ्या फुप्फुसविकारांचे निदान या एका वाक्याने सोपे होते.

घरी राघू असेल तर?

गळ्यात कंठ असलेला आपला हिरवा राघू हा वन्यपक्षी आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार त्याला पाळणे, विकणे किंवा विकत घेणे गुन्हा आहे. बजरीगार आणि कॉकाटील हे विदेशी पक्षी पाळता येतात. वर्षानुवर्षे घरात असलेल्या राघूला मात्र अचानक उघड्यावर सोडू नये. पिसे झडत असताना त्याचे उड्डाण अधिकच दुबळे असते आणि अन्न शोधण्याची सवयही त्याला राहिलेली नसते. कावळे-मांजरांपुढे त्याचा टिकाव लागत नाही. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवून त्याला रीतसर त्यांच्या स्वाधीन करावे. निरोप जड जाईल. पण त्याच्या हिताचा तोच मार्ग आहे.

उरलेल्यांनी धीर धरावा. काही आठवड्यांनी तळाशी पडणारी पिसे कमी होतील, नव्या पिसाऱ्यावर तकाकी येईल आणि एखाद्या सकाळी फडके काढण्यापूर्वीच आतून ओळखीची शीळ ऐकू येईल. वजनाची वही मात्र तेव्हाही बंद करू नका. पुढील खेपेस तिचाच आधार वाटेल.