तिसरी पिन कशासाठी?

न्हाणीघरातील गिझरच्या प्लगला तीन पिना असतात. त्यांपैकी एक इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड असते. पाणी तापवण्याचे काम तर दोनच पिनांवर भागते. मग ही तिसरी कशासाठी?

आपल्या घरात वीज २३० व्होल्ट दाबाने येते. समजा, गिझरमधील एका तारेचे आवरण झिजले आणि ती तार धातूच्या टाकीला टेकली. आता टाकीवरही २३० व्होल्ट दाब आला. दिसायला मात्र काहीच फरक नाही! अशा टाकीला कोणी ओल्या हाताने स्पर्श केला तर? ओल्या शरीराचा रोध सुमारे १,००० ओहमपर्यंत उतरू शकतो. आता गणित करा : २३० ÷ १,००० = ०.२३ अँपिअर. हृदयाची लय बिघडवायला याहून कमी प्रवाहही पुरतो.

फ्यूज वाचवील, असे तुम्ही म्हणाल. पण २,००० वॉटचा गिझर एरवीच जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह घेतो. त्याच्या फ्यूजला ०.२३ अँपिअरची दखलही लागत नाही.

येथे तिसरी पिन कामी येते. टाकीला जोडलेली हिरवी तार या पिनेतून जमिनीत पुरलेल्या पत्र्यापर्यंत जाते. या वाटेचा रोध अगदी कमी असला, तर एकदम मोठा प्रवाह वाहून फ्यूज वितळतो. पिन लांब असल्यामुळे प्लग खोचताना ती सर्वांआधी जोडली जाते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते.

तरीही फ्यूज वितळेपर्यंत टाकीवर थोडा दाब राहतोच. एक हात टाकीवर आणि दुसरा लोखंडी नळावर असेल, तर धक्का बसेल. म्हणून टाकी, नळ व इतर धातूचे पाइप तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडतात. मग सर्वांवर जवळजवळ सारखाच दाब येतो. एकाच तारेवर बसलेल्या चिमणीला धक्का बसत नाही, त्याचे कारणही हेच!

पूर्वी काही ठिकाणी अर्थिंगची तार पाण्याच्या नळालाच बांधत. आता मध्येच प्लॅस्टिकचा पाइप आला, की ती वाट तुटते. खड्ड्यातील माती कोरडी पडली तरी रोध वाढतो आणि फ्यूज वितळत नाही. अशा वेळी उपयोगी पडतो तो आरसीसीबी. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या प्रवाहांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की तो डोळ्याचे पाते लवण्याआधी वीज तोडतो.

तुमच्या घरी हा आहे का, हे आईवडिलांना विचारा. अर्थिंगची तपासणी मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. आणि तिसरी पिन काढून टाकलेला प्लग कधीही वापरू नका!