बाळंतपणाला लागतं एक ग्रॅम लोह

बाळंतपणाचा खर्च म्हटला की आपण दवाखान्याचं बिल डोळ्यांसमोर आणतो. सरकारी दवाखान्यातही एका बाळंतपणामागे घरच्यांच्या खिशातून सरासरी 2,916 रुपये गेले, असं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. शहरातल्या खासगी रुग्णालयात सिझेरियन झालं तर आकडा सहज लाखाच्या घरात जातो. आईच्या अंगातून काय जातं, ते मात्र या हिशेबात कुणी धरत नाही. मला थक्क करतो तो हाच हिशेब.

आधी अन्नाचं बघू. नऊ महिन्यांत रोजच्या गरजेहून सुमारे 77,000 किलोकॅलरी जास्त लागतात. ज्वारीत मोजलं तर अवघी 23 किलो. एक जीव घडवायला अर्धं पोतंही ज्वारी लागत नाही! ‘दोन जिवांची आहेस’ म्हणून गरोदर बाईला आग्रह होतो, पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे तिला रोज जास्तीच्या लागतात 350 किलोकॅलरी, म्हणजे साधारण दोन भाकऱ्या. बाळ अंगावर पिऊ लागलं की हीच गरज 600 वर जाते. पहिल्या सहा महिन्यांच्या झाल्या 1,08,000! पोटात वाढवण्यापेक्षा पाजणं महाग. बाळंतिणीपुढे डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर ठेवणाऱ्या आज्यांना हे आकड्यांवाचून कळलं होतं.

दुधाचंही तसंच. दिवसाला पाऊण लिटर धरलं तर सहा महिन्यांत एक आई 135 लिटर दूध देते. देशात वर्षाला सुमारे 2.3 कोटी बाळं जन्मतात. त्यांतल्या निम्म्यांनाच असं पूर्ण दूध मिळालं, असं धरलं तरी दीडशे कोटी लिटरच्या वर जातं. राष्ट्रीय उत्पन्नात त्यातला थेंबही मोजला जात नाही.

आता लोह. एका गरोदरपणाला साधारण 1,000 मिलिग्रॅम लागतं: बाळ आणि वार मिळून 300, आईचं वाढणारं रक्त 500, बाकीचं रोजच्या झिजेत जातं. म्हणजे एक ग्रॅम, चिमूटभर. पण दोन लिटरहून जास्त रक्तात असतं तेवढं हे लोह आहे. देशभराची बेरीज वर्षाला 23 टन होते, आणि ती बायकांच्या अंगातून निघते.

ज्वारी इथे पुरी पडत नाही. त्या 23 किलोंत 900 मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं, पण धान्यातलं लोह अंगी लागतं ते शंभरात आठ भाग. हाती येतात सत्तर-पंच्याहत्तर मिलिग्रॅम. म्हणून तर आशाताई लोहाच्या लाल गोळ्या घेऊन दारी येतात. रोज एक, 180 दिवस. गोळीने मळमळतं, शौचाला काळं होतं, पोट धरतं. हे आधी कुणी समजावून सांगितलं नाही तर बाई घाबरते आणि पाकीट फळीवर पडून राहतं. लिंबू पिळलेल्या जेवणाने गोळी अंगी लागते, चहाने वाया जाते, हेही सांगायला हवं. सुरुवातीला सांगितलेल्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 180 दिवस गोळ्या घेतलेल्या आया शंभरात 26 निघाल्या, आणि गरोदर बायकांपैकी 52 टक्क्यांना रक्तक्षय होता.

बाळंतपणानंतरही 180 गोळ्या घ्यायच्या असतात. तोवर घरातल्या सगळ्यांचं लक्ष बाळाच्या वजनाकडे गेलेलं असतं. बाईच्या अंगात लोहाचा राखीव साठा असतो तो 300 मिलिग्रॅमच्या आसपास, तोही नीट खाणारीच्या. वर्षाच्या आत पुन्हा दिवस गेले, तर दुसरा ग्रॅम या रिकाम्या साठ्यातून मागितला जातो.