आधी रामटेक, मग शिखरजी

निवृत्तीनंतर कामठीतील घराघरांत यात्रेचे बेत रंगतात. कुणी सम्मेद शिखरजीच्या २७ किलोमीटरांच्या वंदनेचा संकल्प करतो, कुणी श्रवणबेळगोळच्या, १२ वर्षांनी येणाऱ्या महामस्तकाभिषेकाची वाट पाहतो. मागचा सोहळा २०१८ साली झाला. मुदत ठेव थांबते. गुडघे थांबत नाहीत. कन्हान ओलांडली की रामटेक दूर नाही. तेथे शांतिनाथ भगवंतांच्या भव्य, उभ्या मूर्तीच्या दर्शनासाठी गड चढावा लागत नाही. पुरीभाजीचा डबा, गाळलेले पाणी, सोबत नातवंडे आणि सूर्यास्तापूर्वी भोजन, एवढी सिद्धता पुरते. आपल्या आईवडिलांसोबतच्या यात्रेच्या आठवणी नातवंडांना वाटेतच सांगता येतात. दूरचे संकल्प अवश्य जपावेत. मात्र आजी स्वतःच्या पायांनी गाभाऱ्यापर्यंत जाऊ शकते, तोवर जवळची यात्रा पुढे ढकलू नये.