चार तास सहा मिनिटं

सरोजिनी नगरच्या बाजारात निर्यातीतून उरलेल्या कपड्यांच्या ढिगात काळे टी-शर्ट हमखास सापडतात. पुढे एखाद्या बँडचं नाव, पाठीवर शहरांची आणि तारखांची यादी. ‘डेढ सौ, डेढ सौ’ असा पुकारा चाललेला असतो आणि कॉलेजातली मुलं ती यादी न वाचताच टी-शर्ट उचलतात. मला अशा याद्या वाचायचा नाद आहे. १९८८ सालच्या एका दौऱ्याच्या यादीत टोकियो आणि अथेन्स यांच्या मधोमध आपली नवी दिल्ली आहे. तारीख ३० सप्टेंबर, ठिकाण जवाहरलाल नेहरू स्टेडियम, म्हणजे या बाजारापासून जेमतेम पाच-सहा किलोमीटर.

तो दौरा होता ॲम्नेस्टी इंटरनॅशनलचा. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याला ४० वर्षं झाली म्हणून सहा आठवड्यांत जगभर २० कॉन्सर्ट झाले. स्टिंग, पीटर गॅब्रिएल, ट्रेसी चॅपमन, सेनेगलचा यूसू एन्डूर आणि अमेरिकी रॉकगायक ब्रूस स्प्रिंगस्टीन, असे पाच जण एकाच मंचावर. स्प्रिंगस्टीनला आठवड्यापूर्वीच ३९वं वर्ष पूर्ण झालं होतं. पाच जणांत वेळ वाटून घ्यायचा असल्यामुळे दिल्लीच्या वाट्याला त्याचा एक तुकडाच आला. त्याची स्वतःची पूर्ण रात्र दिल्लीला लाभली नाही, आणि ती रात्र म्हणजे काय चीज असते हे कळलं की या गोष्टीची हळहळ वाटू लागते.

हेलसिंकीच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये ३१ जुलै २०१२ रोजी स्प्रिंगस्टीन ४ तास ६ मिनिटं गायला. मध्यंतर नाही. ३३ गाणी. वय ६२. आणि हे कमी म्हणून की काय, मुख्य कॉन्सर्ट सुरू व्हायच्या आधीच, लोक येऊन बसत असताना, गिटार घेऊन त्याने एकट्याने काही गाणी म्हटली होती, ती या हिशोबात धरलेलीच नाहीत. तरुणपणी १९८०च्या ३१ डिसेंबरला न्यूयॉर्कजवळच्या नासाऊ कोलिझियममध्ये त्याने ३८ गाणी म्हटली होती. पण तेव्हा तो ३१ वर्षांचा होता, त्यामुळे त्याचं फारसं नवल नाही. बत्तीस वर्षांनंतर, बहुतेक माणसं निवृत्तीचे कागद भरत असतात त्या वयात, वेळेच्या बाबतीत त्याने स्वतःलाच मागे टाकलं. मग २०१६च्या सप्टेंबरमध्ये, ६७व्या वाढदिवसाच्या पंधरा-सोळा दिवस आधी, फिलाडेल्फियात पुन्हा चार तासांची वेस ओलांडली.

गळ्याचा हिशोब मांडून पाहिला की डोकं गरगरतं. पुरुषाच्या घशातल्या स्वरतंतूंची लांबी दीड ते दोन सेंटिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षा थोडी जास्त. मधल्या पट्टीत गाताना हे दोन पडदे सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांवर आपटतात, उंच स्वराला त्याहून पुष्कळ जास्त. चार तास सहा मिनिटांचे सेकंद होतात १४,७६०. त्यातला निम्मा वेळ सॅक्सोफोन, गिटार, गप्पा आणि टाळ्यांना दिला तरी एका रात्रीत हे पडदे १४-१५ लाख वेळा एकमेकांवर आदळतात. एवढ्या आघातांनी त्यांवरचं ओलसर अस्तर सुजायला लागतं. सूज आली की कडा नीट मिटत नाहीत, हवा गळते, आवाज घोगरा होतो. गंमत म्हणजे ओरडून गायचं बळ सर्वांत शेवटी जातं. आधी जातो तो हळू आवाजातला उंच स्वर. म्हणूनच गळ्याचे तज्ज्ञ गायकाला मोठ्याने गायला न सांगता अगदी नाजूक आवाजात वरचा सूर लावायला सांगतात आणि सूज ओळखतात.

स्प्रिंगस्टीनचा आवाज मुळातच खरखरीत, जोर लावून फेकलेला. हा गळा एवढं कसं सोसतो याचं अर्धं उत्तर घशात आहे आणि अर्धं पोटात. श्वासाचा दाब छातीखालच्या पडद्याने, बरगड्यांनी आणि पोटाच्या स्नायूंनी सांभाळला तर स्वरतंतूंवरचा भार हलका होतो. आपल्याकडे खर्जाचा रियाज करून घेणारे गुरूही ‘सूर पोटातून येऊ दे’ म्हणतात, त्यामागे हेच आहे. याचा पुरावा स्प्रिंगस्टीनच्या दुखण्यातूनच मिळाला. सप्टेंबर २०२३मध्ये पोटातल्या अल्सरमुळे त्याला कॉन्सर्ट पुढे ढकलावे लागले. घसा शाबूत होता, पण श्वासाचा पडदा दुखत होता, त्यामुळे गाताच येईना. पुन्हा कधी गाता येईल की नाही, अशी भीती तेव्हा वाटल्याचं त्याने नंतर सांगितलं.

आणि हा पराक्रम एकट्याचा नाही. मागे ड्रमवर बसलेला मॅक्स वाइनबर्ग १९७४पासून स्प्रिंगस्टीनच्या ई स्ट्रीट बँडमध्ये आहे. त्याच्या हातांवर आणि मनगटांवर अनेक शस्त्रक्रिया झाल्या आहेत, २०१०मध्ये हृदयाचीही झाली. गायकाला एखादं गाणं दुसऱ्याच्या स्वाधीन करून दम खाता येतो, ड्रमरला नाही. एक गाणं संपलं की टाळ्या थांबायच्या आत बोटांवर ‘वन, टू, थ्री, फोर’ होतं आणि पुढचं सुरू. बरं, पुढचं गाणं कोणतं हे कित्येकदा आधी ठरलेलंच नसतं. लोक पुठ्ठ्यांवर गाण्यांची नावं रंगवून आणतात, स्प्रिंगस्टीन गर्दीच्या कडेने फिरत ते पुठ्ठे गोळा करतो, त्यातला एक निवडून कॅमेऱ्यासमोर धरतो, बँडला पट्टी सांगतो, आणि कैक वर्षांत न वाजवलेलं गाणं काही सेकंदांत उभं राहतं. वाइनबर्गची नजर सारा वेळ त्याच्या पाठीवर आणि हातांवर खिळलेली असते. हे सगळं साठ-सत्तर हजार लोकांसमोर चालतं. आपल्या बैठकीत तबलजी गायकाच्या चेहऱ्याकडे पाहत समेची वाट बघतो, तसंच हे, पण स्टेडियमच्या मापाचं. मला या सगळ्यात सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते.

इतकं असूनही चाहत्यांचं एकमत नाही. किंबहुना इतकं आहे म्हणूनच नाही.

आमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये पूर्वी राहणारे एक काका १९८८च्या त्या गर्दीत होते. मे २०२३मध्ये लेकीकडे नेदरलँड्सला गेले असताना तिच्याबरोबर ॲमस्टरडॅमच्या स्टेडियममध्ये त्यांनी स्प्रिंगस्टीनला पुन्हा ऐकलं, या वेळी जवळजवळ तीन तास. शेजारी-शेजारी बसून एकच कॉन्सर्ट ऐकलेल्या या बापलेकीचा वाद अजून मिटलेला नाही.

“अगं, सगळं आधीच ठरवून आला होता. आदल्या गावात वाजवलं तेच, त्याच क्रमाने. मग तीन तास कशाला?” हे काका.

“बाबा, तुम्ही गाणी मोजत बसलात. तो गेलेल्या मित्राची गोष्ट सांगत होता. तिचा क्रम रोज कसा बदलणार?” ही लेक.

दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. २०२३च्या दौऱ्यात स्प्रिंगस्टीनने गाण्यांची यादी खरोखरच बरीचशी बांधून घेतली होती. पण त्यामागे लेक म्हणते ती गोष्ट होती. १९६५मध्ये, पंधराव्या वर्षी, तो ‘द कॅस्टील्स’ नावाच्या पोरासोरांच्या बँडमध्ये शिरला, तो जॉर्ज थीस या मित्रामुळे. २०१८मध्ये थीस गेला आणि त्या बँडमधला जिवंत उरलेला शेवटचा माणूस स्प्रिंगस्टीन ठरला. मैफलीच्या मध्यावर तो हे लोकांना सांगायचा, मग एकट्याने गायचा, आणि सगळा धुमाकूळ झाल्यावर शेवटी बँडला निरोप देऊन पुन्हा एकटाच गिटार घेऊन उभा राहायचा. ज्यांना ही गोष्ट भिडली त्यांना तिच्यात एकही गाणं इकडचं तिकडे नको होतं. पण याच माणसाच्या मागे वर्षानुवर्षं गावोगाव हिंडलेल्या चाहत्यांची एक मोठी जमात आहे. आज कोणतं दुर्मीळ गाणं निघेल या आशेवर ते रात्रभर रांगेत उभे राहतात. त्यांना हे म्हणजे ताटात रोज तीच भाजी वाढल्यासारखं वाटलं. २०१६मध्येही अशीच कुरबूर झाली होती. तेव्हा दौऱ्याच्या सुरुवातीला ‘द रिव्हर’ हा १९८०चा २० गाण्यांचा अख्खा अल्बम तो रोज ओळीने म्हणायचा.

तिसरा गट पैशावरून दुखावलेला. २०२२च्या जुलैत मागणीप्रमाणे भाव चढवणाऱ्या तिकीट-पद्धतीमुळे काही जागा ५,००० डॉलरपर्यंत गेल्या. कामगारांची, बंद पडलेल्या गिरण्यांची, कर्जात बुडालेल्या घरांची गाणी लिहिणाऱ्याच्या दारात हा भाव! १९८०पासून निव्वळ त्याच्यासाठी चालवलेलं ‘बॅकस्ट्रीट्स’ हे चाहत्यांचं नियतकालिक या धक्क्यानंतर २०२३च्या फेब्रुवारीत बंद झालं. ४३ वर्षांची निष्ठा अशी संपावी, हे मला फार लागलं. एवढे पैसे मोजले की माणूस नकळत मिनिटांचा भाव काढू लागतो, आणि मग अडीच तासांचा कॉन्सर्ट फसवणूक वाटतो.

मराठी माणसाला हा वाद नवा वाटायला नको. बालगंधर्वांच्या काळी संगीत नाटक रात्री सुरू व्हायचं आणि पहाटेपर्यंत चालायचं. ‘मानापमान’ १९११चं, ‘स्वयंवर’ १९१६चं, ‘एकच प्याला’ १९१९चं. त्या रात्रीची लांबी लेखकाने जितकी ठरवलेली, तितकीच प्रेक्षकांनी. ‘वन्स मोर’ आला की पद पुन्हा, परत आला की परत, आणि दरवेळी नवी तान. निम्मं थिएटर सुखात न्हायचं, आणि नाटकाची ओढ असलेले जाणकार कळवळायचे की दुःखात बुडालेली नायिका तीनतीनदा तेच पद काय गाते, प्रसंग गेला ना वाया! अखेर १९३३मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेने मोजक्या पदांचं, आटोपशीर ‘आंधळ्यांची शाळा’ आणलं. तरीही बालगंधर्वांचे वन्स मोर पुढच्या पिढ्यांनी आजी-आजोबांकडून ऐकले ते डोळे भरूनच.

लांबलेली रात्र अशी गोड का आठवते, याचा एक धागा मानसशास्त्रात सापडतो. डॅनियल कानमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एकदा ६० सेकंद १४ अंशांच्या गार पाण्यात हात बुडवायला लावलं. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, ज्यात पाणी हळूहळू एका अंशाने कमी गार केलं. यातलं पुन्हा काय कराल असं विचारल्यावर बहुसंख्यांनी जास्त वेळाचा त्रास निवडला, कारण त्याचा शेवट बरा होता. आठवणीत किती वेळ गेला याची नोंद पुसट राहते, शिखर आणि शेवट मात्र ठळक राहतात. कानमननी हे दुखण्याबद्दल मांडलं, पण मला ते कॉन्सर्टला चपखल बसतं असं वाटतं. पाय दुखले, तहान लागली, मधली चार गाणी ओळखीची नव्हती, हे सगळं विसरलं जातं. स्प्रिंगस्टीन शेवटच्या अर्ध्या तासात स्टेडियमचे सगळे दिवे लावून टाकतो, लोकांना एकमेकांचे चेहरे दिसतात, आणि ठेवणीतली गाणी एकामागून एक येतात. ज्याला ट्रेन पकडायची म्हणून तो अर्धा तास सोडावा लागला, तो मैफल लांबली म्हणून चिडणारच. त्याच्या पदरात लांबी तेवढी पडली, शेवट पडलाच नाही.

माझं मत विचाराल तर चार तास शोभतात ते पुठ्ठ्यांवरच्या फर्माइशींनी वाट बदलणाऱ्या रात्रीला. गोष्ट बांधून सांगायची असेल तर अडीच तास भरपूर झाले. काकांचा हट्ट आणि लेकीचं म्हणणं दोन्ही मला पटतं, फक्त ती दोन वेगळ्या मैफलींबद्दलची मतं आहेत.

कानांचा हिशोब मात्र मतांवर सोडता येत नाही. ८५ डेसिबल आवाज आठ तास सोसता येतो असं धरलं, तर दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये कॉन्सर्टसाठी घातलेली वरची मर्यादा सरासरी १०० डेसिबलचीच आहे, आणि सोबत कानात घालायचे बोळे उपलब्ध ठेवा, शांत बसायला जागा द्या, असंही सांगितलं आहे. चार तास पुढच्या रांगेत नाचणाऱ्याने पाच-पन्नास रुपयांचे फोमचे बोळे खिशात ठेवावेतच. गाणं त्यातूनही उत्तम ऐकू येतं.

आणि घड्याळ तर सर्वांचंच मालक. १४ जुलै २०१२ला, हेलसिंकीच्या आधी अडीच आठवडे, लंडनच्या हाइड पार्कमध्ये स्प्रिंगस्टीनसोबत चक्क पॉल मॅकार्टनी गात होता. तीन तास उलटून गेले होते, वेळेची मर्यादा ओलांडली होती, आणि आयोजकांनी ध्वनियंत्रणाच बंद केली. दोघांना लोकांचे साधे आभारही माइकवर मानता आले नाहीत. आपल्याकडे २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. भीमसेन जोशींनी १९५३मध्ये पुण्यात सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर चालायचा, तोही या नियमापुढे संध्याकाळच्या वेळांत आला आणि उत्तररात्रीचे राग उघड्यावर ऐकण्याचं सुख गेलं. शेजारच्या इमारतीतल्या आजाऱ्याची झोप मला मान्य आहे, तरी ही चुटपुट राहतेच.

हाच नियम धरून जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर चार तास सहा मिनिटांची मैफल बसवायची तर पहिलं गाणं पाच वाजून चोपन्न मिनिटांच्या आत सुरू व्हायला हवं. केंद्र सरकारची कचेरी सुटते साडेपाचला. सरोजिनी नगरातून पिंक लाइनने लाजपत नगर, तिथे गाडी बदलून व्हायोलेट लाइनने जंगपुरा आणि मग स्टेडियम, वर तपासणीची रांग. अर्ध्या दिवसाची रजा टाकल्याशिवाय हे जमायचं नाही. मी तरी टाकीन.