लॅपटॉप सुरूच होत नाही : आधी चार्जरचा दिवा बघा
(लेखांक ७)

चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट. पण एटापल्ली-भामरागडकडे जंगलातून गेलेल्या लाइनवर एक फांदी पडली, की गावची लाइट गेलीच. मे महिना, तेंदूपत्त्याचा हंगाम, ग्रामसभेचा हिशेब लॅपटॉपमध्ये; आणि बटण दाबलं तर ना उजेड, ना पंख्याचा आवाज. अशा वेळी ‘बोर्ड गेला’ म्हणणारा कुणीतरी भेटतोच. त्याचं लगेच ऐकू नका. दुरुस्तीसाठी गडचिरोली गाठायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो.

हिशेबाचा घोर तर आधीच सोडा. नोंदी डिस्कवर असतात आणि बहुतेक लॅपटॉपमधली डिस्क काढून दुसरीकडे जोडता येते.

त्याच सॉकेटला मोबाइल लावून बघा. तो चार्ज होत असेल, तर लॅपटॉपची पिन काढून नुसता चार्जर लावा. बहुतेक चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतात, म्हणून लाइट मिणमिणती असली तरी सहसा बिघडत नाही. घात होतो तो लाइट परत येतानाच्या झटक्याने किंवा विजेने. चार्जरवरचा दिवा लागलाच नाही, तर आधी भिंतीकडची वायर बदलून बघा. ती स्वस्त असते आणि शेजारच्याकडेही मिळते.

दिवा लागला, तर त्याच्याकडे बघत पिन लॅपटॉपमध्ये घाला. घालताक्षणी दिवा विझला आणि पिन काढून चार्जर पुन्हा लावल्यावर पेटला, तर बहुधा आत शॉर्ट आहे आणि चार्जरने स्वतःला वाचवलंय. दुसरा चार्जर लावूनही तेच झालं, तर दुकानदाराला हे शब्दशः सांगा. कित्येकदा मोहरीएवढा एक कपॅसिटर शॉर्ट झालेला असतो. तो बदलला की बोर्ड वाचतो.

दिवा पेटलेलाच राहिला आणि लॅपटॉप मात्र ढिम्म, तर चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, बटण तीसेक सेकंद दाबून धरा आणि मग नुसत्या चार्जरवर सुरू करा. हा उपाय टोटक्यासारखा वाटतो खरा, पण सर्किटमध्ये अडकून राहिलेला चार्ज त्याने निघून जातो. मल्टिमीटर असेल तर गोल पिनवर १९ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. सी-टाइपला ही मोजणी लागू नाही. लॅपटॉप जोडल्याशिवाय तो चार्जर व्होल्टेज देतच नाही.

आता आपल्याकडचं ऊन. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले. चंद्रपूरचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो. गाडीत तापलेला लॅपटॉप लगेच चार्जिंगला लावू नका, सावलीत निवू द्या. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला तर मात्र बॅटरी फुगलेली आहे. तिला दाबायचं नाही, टोचायचं नाही, चार्जिंगला लावायचं नाही. आणि एसटीत सामानाच्या ढिगाखाली तर मुळीच ठेवायचं नाही.